मराठी पानं वाचून प्रोग्रॅमला आपल्या जिल्ह्याची माहिती शिकवूलालोय, पण त्यानं ‘तोंड’ला नदी केलंय. काय करू?

राकसकोपचं_पाणी (बेळगाव)

नमस्कार मंडळी. फायनल इयरचा प्रोजेक्ट आहे, कॉम्प्युटर सायन्स. आयडिया अशी की प्रोग्रॅमनं नेटवरचा मराठी मजकूर स्वतः वाचायचा, विकिपीडिया, न्यूज पोर्टल, ब्लॉग, जे सापडेल ते, आणि त्यातनं आपल्या जिल्ह्याची माहिती गोळा करायची. कुठली नदी कुठनं येते, कुठलं गाव कुठल्या तालुक्यात, कुठं कसली जत्रा, कुठं काय पिकतं. मी बसून टेबल भरायचं नाही, त्यानं वाचून भरायचं.

पद्धत साधीच घेतलीय. नद्यांची थोडी नावं हातानं दिली, मलप्रभा, घटप्रभा, मार्कंडेय, महादयी. प्रोग्रॅम ही नावं मजकुरात शोधतो, आजूबाजूला कसले शब्द येतात ते बघतो आणि ‘अमुक नदीला पूर’, ‘अमुकच्या काठावर’, ‘अमुकचे पाणी’ असले साचे काढतो, मग त्या साच्यात अजून कोण कोण बसतंय बघून नवीन नद्या धरतो, नवीन नद्यांवरनं परत नवीन साचे, असं गोल गोल चालू. सुरुवातीला एकदम भारी चाललं, कृष्णा आली, दूधगंगा आली, वेदगंगा आली, मी खुश. मग ‘अमुकचे पाणी’ ह्या साच्यातनं हिडकल आणि राकसकोप आत शिरले, ही धरणं आहेत नद्या नव्हेत, पण म्हटलं पाण्याचीच आहेत की, असू दे. पुढच्या फेरीत बघतो तर नद्यांच्या यादीत ‘तोंड’!! कुठल्यातरी बातमीत भाव पडून शेतकऱ्यांच्या तोंडचे पाणी पळाले होते, ह्यानं ती नदी समजली. आणि एकदा तोंड नदी झाल्यावर त्याच्यावरनं साचे काढाय लागला म्हटल्यावर विचारू नका, मागनं डोळे आले, घसा आला.

दुसरं दुखणं म्हणजे खानापूर. आपलं खानापूर आणि सांगली जिल्ह्यातलं खानापूर दोन्ही त्यानं एक केलेत, त्यामुळं माझ्या टेबलात खानापूर तालुक्यात भीमगडचं जंगल पण आहे आणि विटा पण आहे.

आमचे सर म्हणतात हे सगळं जुनं झालं, सरळ चॅटवाल्या एआयला प्रश्न विचार, टेबल भर आणि रिपोर्ट लिही. मला तसं करायचं नाही पण का करायचं नाही ते धड सांगता पण येईना. कोणी असलं काम केलेलं असेल तर सांगा, हे वाहवत जाणं थांबतं का?

---

पुण्यातला_खानापुरी (पुणे, मूळ नंदगड)

टेन्शन नको घेऊस गा. तुझ्या प्रोग्रॅमला जे झालंय त्याला सिमँटिक ड्रिफ्ट म्हणतात, म्हणजे अर्थ घसरत घसरत भलतीकडं जाणं, आणि वाचून माहिती काढायचा उद्योग ज्यांनी ज्यांनी केला त्या सगळ्यांना हे भोवलंय.

थोडं मागचं सांगतो, रिपोर्टमध्ये पण घालता येईल. १९८४ साली डग्लस लेनट यांनी अमेरिकेत साइक नावाचा प्रोजेक्ट काढला, जगाचं साधं व्यवहारज्ञान माणसांनी हातानं लिहून मशीनला द्यायचं. वर्षानुवर्षं लिहीत बसले तरी जग काय संपेना. दुसरी मंडळी म्हणाली लिहिलेलं सगळं आहेच की, मशीनलाच वाचू दे. १९९२ मध्ये मार्टी हर्स्ट यांनी इंग्रजीवर दाखवलं की ‘अमुक, तमुक यांसारखी फळं’ असला एक साचा पकडला तरी फळांची यादी आपोआप पदरात पडते. १९९८ मध्ये सर्गेई ब्रिन, हो गूगलवालाच, त्यानं ५ पुस्तकं आणि त्यांचे लेखक एवढंच हातानं दिलं आणि त्याच्या प्रोग्रॅमनं वेबवरनं १५,००० च्या वर पुस्तकं लेखकांसकट काढली. तू करूलालास ते डिट्टो हेच.

पण तुला खरं वाचायला पाहिजे ते नेल. नेव्हर एंडिंग लँग्वेज लर्नर, म्हणजे न थांबता वाचून शिकत राहणारा प्रोग्रॅम. कार्नेगी मेलन युनिव्हर्सिटीत टॉम मिशेल यांच्या टीमनं जानेवारी २०१० मध्ये चालू केलं आणि रात्रंदिवस चालू ठेवलं. शंभराच्या वर प्रकार दिले होते, शहर, नदी, कंपनी, खेळाडू वगैरे, प्रत्येकाला १०-१५ उदाहरणं, बाकी त्यानं वाचून शिकायचं. पहिल्या पेपरात आकडा आहे तो असा, ६७ दिवस चालल्यावर २,४२,००० गोष्टी शिकला आणि त्यातल्या अंदाजे ७४ टक्के बरोबर. म्हणजे चारातली एक चूक, तीपण इंग्रजीत, हाताशी ५० कोटी पानं असताना. त्यांच्याकडं इंटरनेटच्या कुकीज (वेबसाईट आपल्या कॉम्प्युटरवर ठेवतात त्या बारक्या फायली) बेकरीच्या मालात जाऊन बसल्या होत्या आणि त्यांच्या संगतीनं कॉम्प्युटरच्या बाकीच्या फायलीपण खाऱ्या-गोड्या बिस्किटात गेल्या. तेव्हा तुझं एक तोंड वाहून गेलं तर चालतंय.

आता त्यांनी आवर कसा घातला ते बघ. एकटी नदी शिकवायचीच नाही. नदी, धरण, तलाव, गाव, अवयव, माणूस हे सगळे प्रकार एकदम शिकवायचे आणि वर नियम घालायचा की जे अवयव आहे ते नदी असूच शकत नाही. तुझ्या प्रोग्रॅमला जगात नदी सोडून दुसरं काय असतं हेच ठाऊक नाही, मग तोंड दिसलं की तो दुसरीकडं टाकणार कुठं? हात, पाय, डोळे, तोंड, कान अवयवात दे, हिडकल, राकसकोप, नवलतीर्थ धरणात दे. मग ‘चे पाणी’ ह्या साच्यात तिन्ही जातीची नावं येतात म्हटल्यावर त्या साच्याची पतच खाली येते आणि तो बाद होतो. ‘दुथडी भरून’ टिकतो, कारण धरण दुथडी भरून वाहत नाही. नात्यांना पण तेच लाव, ‘उगम’ म्हटलं की एका बाजूला नदीच पाहिजे आणि दुसऱ्या बाजूला गाव नाहीतर डोंगर. मलप्रभा आणि कणकुंबी बसतं, टोमॅटो आणि कणकुंबी बसत नाही.

अजून एक, नेलमध्ये वाचणारे एकापेक्षा जास्त होते. एक वाक्यातले साचे बघणारा, एक पानावरच्या याद्या आणि तक्ते बघणारा, एक नुसती शब्दाची घडण बघणारा, एक आधी शिकलेल्यावरनं नियम काढणारा. कुठलीही गोष्ट पक्की धरायची तर एकाला तरी ०.९ च्या वर खात्री पाहिजे, नाहीतर दोघा-तिघांनी वेगवेगळ्या वाटेनं तीच सुचवली पाहिजे. पण त्या आवृत्तीत एक भोक होतं, एकदा पक्की धरलेली गोष्ट परत काढायची सोयच नव्हती. ते तू उचलू नको. प्रत्येक नोंदीला ती कुठल्या पानावरनं, कुठल्या वाक्यातनं, कुठल्या साच्यानं आली हे चिकटवून ठेव. साचा नासका निघाला की त्याच्या जिवावर आलेलं सगळं एका झटक्यात काढता येतं. नुसतं ‘तोंड’ पुसलंस आणि तोंडामुळं आलेले साचे तसेच ठेवलेस तर उद्या ‘कान’ येणार.

खानापूरचं सोपं आहे. नाव सारखं म्हणून गाव एक धरू नको, प्रत्येक वेळी शेजारी कोण आलंय ते बघ. नंदगड, जांबोटी, लोंढा, हलशी आसपास असले तर आपलं, विटा, आटपाडी, तासगाव असले तर सांगलीचं, दोन्हीपैकी कायच नसलं तर ‘माहीत नाही’ म्हणून बाजूला ठेव, ओढून ताणून कुठंतरी घालू नको. माझ्या तालुक्याला सांगलीत पाठवलास म्हणून एवढं लिहिलं बघ, नाहीतर मी एवढं टाईप करत नाही.

---

कुंदा_स्पेशल (शहापूर, बेळगाव)

तोंड नदी आहेच की गा. डिसेंबरात सुवर्णसौधला, म्हणजे आपल्या इथल्या विधानभवनात जाऊन बघ, अधिवेशन चालू झालं की दुथडी भरून वाहते. तुझा प्रोग्रॅम बरोबर आहे, पास करा पोराला.

---

डेस्कवरचा_माणूस (बेळगाव)

बातम्या वाचायला लावलायस म्हणून थोडं आतलं सांगतो, मराठी पेपरच्या डेस्कवर बरीच वर्षं काढलीत. तुझे इंजिनिअर लोक बातमीला सरळ मजकूर समजतात, ती तशी नसते.

बातमीच्या डोक्यावर ‘वार्ताहर / अमुक गाव’ किंवा ‘प्रतिनिधी / बेळगाव’ अशी ओळ असते. ते बातमी जिथनं आली त्याचं गाव, जिथं घटना झाली त्याचं नव्हे. कणकुंबी भागात रस्ता खचला तरी ओळीत जांबोटी असू शकतं, आणि जिल्हाधिकारी कार्यालयात बसून सांगितलेलं सगळं, मग ते अथणीच्या पुराचं असो नाहीतर निपाणीच्या तंबाखूचं, डोक्यावर बेळगावच. तुझा प्रोग्रॅम ही ओळ मजकुरात धरत असेल तर त्याच्या हिशोबानं जिल्ह्यात जे काय होतं ते सगळं बेळगावच्या हद्दीतच होत असणार. ती ओळ आधी कापून वेगळ्या खान्यात टाक.

आणि सगळ्यात मोठी भानगड प्रेस नोटची. कुठल्यातरी खात्यानं नाहीतर मंडळानं एक कागद पाठवला की संध्याकाळपर्यंत तोच कागद सगळ्या पोर्टलवर, हेडिंग बदलून आणि एखादा परिच्छेद मागंपुढं करून. कागदात गावाचं नाव चुकलेलं असलं तर सगळीकडं तेच चुकतं. मग तुझा प्रोग्रॅम म्हणणार दहा ठिकाणी वाचलं, पक्कं. अरे दहा नव्हेत ते, एकच आहे. वर पुणेवाल्यांनी लिहिलंय की दोघा-तिघांनी सुचवलं तर पक्कं धरायचं, ते ठीक, पण ते दोघे-तिघे एकाच घरचे नाहीत हे कोण बघणार? ह्यावर काय इलाज असतो ते त्यांनीच सांगावं, मला ठाऊक नाही.

बारक्या गोष्टी, ‘काल’, ‘मंगळवारी’, ‘गेल्या महिन्यात’ हे बातमीच्या तारखेवरनं मोजायचं असतं आणि कॉपी मारणारं पोर्टल दोन दिवसांनी टाकतं तेव्हा सगळं हलतं. जुनं काही हाताला लागलं तर युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधलं असेल, कॉपी केलास की इंग्रजी अक्षरांचा नुसता चुरा मिळतो. ई-पेपर बऱ्याच ठिकाणी चित्रच असतं. आणि परवानगी बघ, विकिपीडियाचा मजकूर श्रेय देऊन वापरता येतो, पेपरचा तसा नसतो, माहिती काढलीस तर वेगळं पण अख्ख्या बातम्या तुझ्या प्रोजेक्टच्या वेबसाईटवर टाकू नकोस.

---

पुण्यातला_खानापुरी

डेस्कवाले साहेबांचा मुद्दा माझ्यापेक्षा भारी आहे. इलाज आहे, शिंगलिंग म्हणतात. मजकुराचे सलग चार-पाच शब्दांचे तुकडे पाडायचे आणि दोन पानांत किती तुकडे सारखे आहेत ते मोजायचं, ठराविक मर्यादेच्या वर गेले की दोन्ही पानं मिळून एकच साक्ष धरायची. आंद्रेई ब्रॉडर यांनी १९९७ च्या सुमाराला अल्टाव्हिस्टा ह्या सर्च इंजिनसाठी हे काढलं, लाखो पानांची प्रत्येक जोडी तपासावी लागू नये म्हणून मिनहॅश नावाची युक्ती आहे, त्याचा तयार कोड (लायब्ररी) मिळतो. पण मराठीत परिच्छेद पुढंमागं केलेला असला तरी ठीक, वाक्यं स्वतःच्या शब्दात लिहिली असतील तर पकडत नाही. तिथं तारीख आणि आकडे जुळवून बघ, एकाच दिवशी एकाच आकड्यासकट आलेली बातमी बहुतेक एकाच कागदाची असते.

---

गुरुजी_चंदगड (चंदगड, जि. कोल्हापूर)

चिरंजीव, आपला उपक्रम आवडला. मी निवृत्त शिक्षक, संगणकातलं कळत नाही पण एक शंका आहे. वरती असं आलंय की नियम घालून चुका वगळायच्या. समजा आपण नियम घातलात की एक तालुका एकाच जिल्ह्यात असतो. नियम बरोबरच आहे. पण आमचा चंदगड तालुका १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता. राज्य पुनर्रचनेत बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, तेवढा चंदगड वगळून, आणि चंदगड कोल्हापूरला जोडला गेला. आता जुन्या मजकुरात ‘बेळगाव जिल्ह्यातील चंदगड’ असं वाचलं तर आपला प्रोग्रॅम ते खोटं म्हणून टाकून देणार, किंवा जुना मजकूर जास्त निघाला तर आजचं कोल्हापूर खोटं ठरवणार. दोन्ही खरं आहे, आपापल्या काळात.

असं भरपूर आहे. १८८४ साली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरमध्ये बेळगाव जिल्ह्याचा स्वतंत्र खंड आहे, त्यातलं राज्य वेगळं, तालुके वेगळे. म्हैसूर राज्याचं कर्नाटक झालं १ नोव्हेंबर १९७३ ला, बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं १ नोव्हेंबर २०१४ ला. म्हणजे १९६५ च्या लेखात ‘म्हैसूर राज्यातील बेळगाव’ असं आलं तर त्यात लेखकाची काहीच चूक नाही. प्रत्येक गोष्टीला ‘कधीपासून’ आणि ‘कधीपर्यंत’ असे दोन रकाने ठेवता येतील का? शाळेच्या हजेरीपटात दाखल तारीख आणि सोडल्याची तारीख असते तसं.

---

एक_नंबर_बेळगावकर

मग बेळगाव कुठल्या राज्यात पाहिजे तेपण विचार की तुझ्या प्रोग्रॅमला, बघू काय म्हणतोय 😄

---

व्यवस्थापक

सीमाप्रश्नाचा धागा वेगळा आहे, तिकडं. इथं प्रोजेक्टवरच बोला. पुढचे प्रतिसाद उडवले जातील.

---

पुण्यातला_खानापुरी

व्यवस्थापक साहेब एकच ओळ, तांत्रिकच आहे. वादाच्या गोष्टीला प्रोग्रॅमनं न्यायाधीश व्हायचं नसतं, ‘कोण म्हणतंय’ हा खाना ठेवायचा. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा, महाराष्ट्र सुप्रीम कोर्टात गेला २००४ मध्ये, ह्या घटना आहेत, त्या नोंदवता येतात. कोण बरोबर हे वाचून कळत नसतं. गुरुजींचा मुद्दा तर सोन्यासारखा, विकिडेटावाल्यांनी (विकिपीडियाच्याच घरचा माहितीचा साठा) नेमकं तेच केलंय, प्रत्येक विधानाला सुरुवात आणि शेवटची तारीख जोडता येते, वर संदर्भ पण लावता येतो. बाळा त्यांची रचनाच उचल, नवीन काढत बसू नको.

---

राकसकोपचं_पाणी

एवढं कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांना थँक्स. डेस्कवाले सर, ‘वार्ताहर’वाली ओळ काढून बघितली, बेळगाव शहरात ऊस आणि तंबाखू पिकत होते ते एकदम कमी झाले 😅 गुरुजी, रकाने घालतो.

पण सरांना काय सांगू ते अजून राहिलंच. ते म्हणतात चॅटवाल्या एआयच्या मागचं मोठं मॉडेल एवढं सगळं वाचून बसलेलंच आहे, तू परत का वाचूलालास.

---

अक्षरजोडणी (टिळकवाडी, सध्या बेंगळुरू)

मी मराठी आणि कन्नड डेटावर काम करते त्यामुळं ह्यात जरा जास्त बोलेन, माफ करा.

तुझे सर अगदीच चूक नाहीत. मोठं मॉडेलसुद्धा वाचूनच शिकलंय, फरक शिकण्याच्या रीतीत आहे. नेलसारखं काम ‘मलप्रभा, उगम, कणकुंबी’ अशी नोंद करतं आणि नोंदीला पान बांधलेलं असतं. मॉडेलला पुढचा शब्द ओळखायची तालीम दिलेली असते, त्या तालमीत जे ज्ञान आत गेलं ते कोट्यवधी आकड्यांत विरघळून गेलेलं, हे कुठल्या पानावरनं शिकलास असं विचारलं तर त्याला आतनं सांगता येत नाही, सांगितलं तर ते पण रचूनच. २०१९ पासून लोक मॉडेलला रिकाम्या जागा भरायला देऊन त्याच्या डोक्यात किती माहिती आहे ते मोजतायत, आणि प्रसिद्ध गोष्टींत ते खरंच चांगलं निघतं. घोडं पेंड खातं ते कमी लिहिल्या गेलेल्या गोष्टीत. अभ्यास झालेत ह्यावर, एखाद्या गोष्टीबद्दल तालमीच्या मजकुरात जितकी कमी पानं तितकं उत्तर चुकायची शक्यता जास्त. आता तूच सांग, गोकाकच्या धबधब्यावर किती पानं आहेत आणि खानापूर तालुक्यातल्या एखाद्या शंभर उंबऱ्याच्या वाडीवर किती, त्यातली मराठीत किती. आणि वाईट म्हणजे वाडीबद्दल विचारलं तरी मॉडेल गोकाकइतक्याच ठसक्यात उत्तर देतं, आवाज जराही हलत नाही. टेबल सुंदर भरेल, आणि त्यातलं कुठलं खरं ते तपासायला तुला परत पानंच वाचावी लागतील. हे सांग सरांना.

पण मॉडेल टाकून देऊ नको, नोकरीला ठेव. त्याला प्रश्न विचारायचा नाही, परिच्छेद द्यायचा आणि म्हणायचं ह्यातनं नदी, उगम, गाव काढ आणि ज्या वाक्यावरनं काढलंस ते वाक्य जसंच्या तसं दे. मग साध्या कोडनं ते वाक्य खरंच त्या परिच्छेदात आहे का बघायचं, नसलं तर नोंद फेकून दे. म्हणजे वर जे वेगवेगळे वाचणारे सांगितलेत त्यातला हा आणखी एक, त्याचं एकट्याचं मत म्हणजे निकाल नव्हे. ‘तोंडचे पाणी पळाले’ हे त्याला बरोबर कळतं, तिथं तुझे साचे त्याच्यापुढं टिकणार नाहीत हेही मान्य कर.

आता मराठीचं. इंग्रजीत नाव ओळखायला मोठ्या अक्षराचा आधार असतो, आपल्याकडं तो नाही, सागर, प्रकाश, कमल ही माणसंपण आहेत आणि नुसते शब्दपण. त्यात शब्दाला शेपूट चिकटतं, खानापूर, खानापूरला, खानापुरातून, खानापूरच्यापेक्षा हे तुझ्या प्रोग्रॅमला चार वेगळे शब्द दिसतात आणि आधीच कमी असलेला मजकूर चार ठिकाणी वाटला जातो. म्हणून आधी मूळ रूप काढ. पुण्याच्या एल३क्यूब गटाची मराठी मॉडेल्स आहेत, नावं ओळखणारं पण आहे, आयआयटी मद्रासच्या एआय४भारतची आहेत, आयआयटी मुंबईचं मराठी वर्डनेट आहे, त्यात कुठला शब्द कुठल्या प्रकारात ते मिळतं, ‘तोंड हे अवयव’ तिथनंच उचल, हातानं कशाला देतोस. आणि सगळ्याच्या आधी अक्षरं एकसारखी कर, ‘ऑफिस’मधला ‘ऑ’, ‘ऱ्या’, ‘ॲ’ हे दिसायला एक असले तरी आत दोन-दोन पद्धतीनं टाईप केलेले असतात, कॉम्प्युटरच्या लेखी ती वेगळी अक्षरं. इंडिक एनएलपी लायब्ररीत ते नीट करायची सोय आहे. हे सगळ्यात कंटाळवाणं काम आणि फायदा सगळ्यात जास्त ह्याचाच.

मराठी विकिपीडियावर गावांचे एका ओळीचे लेख ढिगानं आहेत, ‘अमुक हे तमुक तालुक्यातील एक गाव आहे’ छापाचे. गाव-तालुका त्यातनं फटाफट मिळेल, खूश होऊ नको, त्यापुढं त्यात काहीच नसतं.

आणि तू बेळगावात शिकलास म्हणजे कन्नड येतंच ना? मग कन्नड पानं का सोडलीस? येळ्ळूर काय, सौंदत्ती काय, हलशी काय, ह्यांच्यावर कन्नडमध्ये जे लिहिलंय ते बऱ्याचदा मराठी पोर्टलची कॉपी नसतं, वेगळ्या माणसानं वेगळ्या कागदावरनं लिहिलेलं असतं. डेस्कवाल्या काकांनी विचारलं ना, साक्षीदार एकाच घरचे नाहीत हे कसं बघायचं, तर हे घे. मराठीत एकदा आणि कन्नडमध्ये एकदा सापडलेली गोष्ट मराठीत दहादा सापडलेल्या गोष्टीपेक्षा जड धर. आपल्या भागाइतकी ही सोय फार थोड्या ठिकाणी आहे. फक्त नावं जुळवायला लागतील, निपाणी-निप्पाणी, सौंदत्ती-सवदत्ती, त्यासाठी गावांची एक यादी हातानं कर, जनगणनेत प्रत्येक गावाला कोड नंबर असतो, तो खुंटी म्हणून धर आणि सगळी स्पेलिंगं त्याला टांग.

---

राकसकोपचं_पाणी

ताई कन्नड दहावीपर्यंत होतं, वाचतो व्यवस्थित. हे डोक्यातच आलं नव्हतं, मराठी प्रोजेक्ट म्हणून मराठीच धरून बसलो होतो. जनगणनेचा कोड एकदम बेस्ट, दोन खानापूरचं पण त्यातच सुटतंय.

शेवटचं एक, बरोबर किती निघालं ते कसं मोजायचं? सगळं तपासत बसलो तर मग प्रोग्रॅम कशाला.

---

पुण्यातला_खानापुरी

सगळं नाही. प्रत्येक प्रकारातनं यदृच्छेनं शंभर-दीडशे नोंदी काढ, पान उघडून हातानं तपास, टक्केवारी लिही. नेलवाल्यांनी पण ७४ टक्के नमुना घेऊनच काढलेत. फक्त एकत्र टक्केवारी देऊ नको, नद्या, गावं, पिकं, जत्रा वेगवेगळ्या दे. गाव-तालुका ९५ च्या वर जाईल आणि बाकीच्यांची लाज झाकेल, सर विचारणारच. आणि तपासणारा तू एकटा नको, दुसऱ्या कोणालातरी तेच दे आणि तुमचं किती जुळतंय ते पण छाप.

---

डेस्कवरचा_माणूस

जत्रेचं निघालं म्हणून सांगतो, तिथं तू मार खाणार आहेस. आपल्याकडं दोन जातीच्या जत्रा. सौंदत्तीच्या यल्लम्माची पौर्णिमेला, दरवर्षी, पण तिथीवर, म्हणून इंग्रजी तारीख दरसाल वेगळी. प्रोग्रॅम दोन वर्षांच्या बातम्या वाचून म्हणेल तारखेवर एकमत नाही, नोंद बाद. आणि दुसरी गावच्या महालक्ष्मीची यात्रा, ती बऱ्याच गावांत कितीतरी वर्षांच्या अंतरानं भरते, प्रत्येक गावाचं अंतर वेगळं. त्या एका वर्षी त्या गावावर बातम्यांचा नुसता पाऊस, पुरवण्या, जाहिराती, मानकऱ्यांच्या मुलाखती, मग पुढं कित्येक वर्षं एक ओळ नाही. मोजून खात्री ठरवणारा तुझा प्रोग्रॅम त्याच गावाला जिल्ह्यातलं सगळ्यात मोठं देवस्थान करून ठेवेल, आणि ‘जत्रा भरते’ म्हणजे दरवर्षी भरते असं लिहील.

---

अक्षरजोडणी

हे कुठल्याच मॉडेलला विचारून कळलं नसतं 🙏

---

राकसकोपचं_पाणी

म्हणजे जत्रेला तिथी, किती वर्षांनी, आणि शेवटची कधी झाली असे तीन खाने वेगळे पाहिजेत. टेबल परत मोडतो. काका, ‘किती वर्षांनी’ हे बातमीत शब्दात लिहिलेलं असतं की ‘प्रदीर्घ कालावधीनंतर’ म्हणून सोडून देतात?

---

डेस्कवरचा_माणूस

निम्म्या वेळा प्रदीर्घ कालावधीनंतरच. पत्रिका बघ, यात्रा कमिटीच्या पत्रिकेत आकडा असतो, गावातल्या ग्रुपवर फोटो फिरतात. चित्रातनं अक्षरं काढायचं सॉफ्टवेअर मराठीला चालतं ना आता?

---

पुण्यातला_खानापुरी

टेसरॅक्टला मराठी आहे. पत्रिकेतल्या नक्षीदार अक्षरांवर मात्र त्याची गाडी बंद पडते, तेवढं हातानं भर.